बियांपासून लिसियांथस: अंबरनाथ-बदलापूरच्या अंगणात जमेल का?

उल्हासनगरच्या एखाद्या हॉलमध्ये वलिम्याला गेलेल्या वाचकांनी हे फूल पाहिले असेल. स्टेजवर, खुर्च्यांच्या शेजारच्या मोठ्या फुलदाणीत ते असते. दुरून गुलाब वाटते. जवळ गेले की कळते, देठाला काटा नाही, पान जाड आणि निळसर हिरवे आहे, पाकळी रेशमी कापडासारखी आहे आणि वास मात्र नाही. पांढरे, जांभळे, फिके गुलाबी, कधी पांढऱ्याला जांभळी किनार. या फुलाचे नाव लिसियांथस.

फुलदाणीत ते दोन-दोन आठवडे टिकते, म्हणून सजावटवाल्यांना आवडते. पुण्याच्या मावळ भागात, बेंगळुरूच्या आसपास, निलगिरीच्या थंड हवेत अशी परदेशी फुले पॉलिहाउसमध्ये होतात आणि रात्रीच्या गाडीने दादरला येतात. मग प्रश्न पडतो की दादरला लोकलने तासा-सव्वा तासात पोहोचणाऱ्या अंबरनाथ, बदलापूर, वांगणीच्या घरांनी ते का लावू नये? घरामागे चार गुंठे जागा आहे, घरातल्या मुली शिकलेल्या आहेत आणि हाताला काम हवे आहे. बियांचे पाकीट मागवता येते. एवढ्यावर कोणी पॉलिहाउसचे अंदाजपत्रक घेऊन बँकेत जायच्या आधी हे पीक काय मागते, आपली हवा काय देते आणि आपला दीन या व्यवहाराबद्दल काय सांगतो, हे तिन्ही नीट पाहावे, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

नाव तुर्कस्तानचे, गाव अमेरिकेचे

जपानी भाषेत या फुलाला जे नाव आहे त्याचा अर्थ 'तुर्की घंटाफूल' असा होतो. तुर्कस्तानशी त्याचा काहीएक संबंध नाही. फुलाचा आकार तुर्की पगडीसारखा वाटला, असे त्याचे एक कारण सांगतात. हे मूळचे उत्तर अमेरिकेच्या दक्षिण भागातले, टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या गवताळ रानांतले. तिथे ते साधे, निळे, एकेरी रानफूल आहे. जपानी लोकांनी गेल्या शतकात त्याचे बी नेले आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यातून दुहेरी पाकळ्यांचे, लांब देठाचे, अनेक रंगांचे फूल घडवले. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चांगल्या जाती त्याच मेहनतीतून आलेल्या आहेत.

रोपे-बियांची ही विद्या आपल्याला परकी नाही. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्नुल अव्वाम यांनी शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात पाचशेहून अधिक वनस्पतींची माहिती आहे, आणि माती, पाणी, खत, कलम यांचा विचार आहे. फूल लावणे हा श्रीमंतांचा शौक आणि धान्य पिकवणे हेच खरे काम, असा भेद त्या काळच्या मुस्लिम शेतीतज्ज्ञांनी केलेला दिसत नाही.

बी नव्हे, धूळच

या पिकाची पहिली परीक्षा बियांतच आहे. एका ग्रॅममध्ये सुमारे २०,००० बिया असतात. नाचणीचा दाणाही त्यापुढे लाडवासारखा वाटावा. म्हणून कंपन्या प्रत्येक बीवर मातीचा लेप देऊन गोळी बनवतात आणि ती हजाराच्या हिशेबाने विकतात. गोळी मोहरीएवढी दिसते, पण आत बी धुळीच्या कणाएवढेच असते.

पेरणीत तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, बी मातीने झाकायचे नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. ट्रेच्या प्रत्येक खणात धुतलेले कोकोपीट भरावे, वर एकेक गोळी ठेवावी आणि फवाऱ्याने चांगली भिजवावी. लेप पूर्ण विरघळला पाहिजे. दुसरी, एकदा लेप फुटला की वरचा थर एक दुपारही सुकता कामा नये. त्यासाठी उगवेपर्यंत ट्रेवर पारदर्शक प्लास्टिक अंथरावे. तिसरी गोष्ट तापमानाची, ते २० ते २४ अंशांच्या आसपास हवे. एवढे जमले तर १० ते १५ दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. ठिपके दिसले की प्लास्टिक काढावे, नाहीतर कोंदट हवेत बुरशी येऊन रोपे मानेपासून कोलमडतात.

त्यानंतर सब्राची परीक्षा सुरू होते. पहिला महिनाभर रोप वाढते आहे असे वाटतच नाही. झेंडूचे रोप तीन-चार आठवड्यांत लावणीला येते, लिसियांथसला दहा ते बारा आठवडे लागतात. पहिली खरी पाने दिसू लागली की एक लिटर पाण्यात पाव ते अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट टाकून आठवड्यातून एक-दोनदा द्यावे. जास्त दिले तर कोवळी मुळे जळतात. कोकोपीटवर हिरवे शेवाळ आणि बारीक काळ्या माश्या दिसल्या तर पाणी जास्त होते आहे असे समजावे. त्या माश्यांच्या अळ्या मुळे खातात.

खरी अडचण उष्णतेची

हे फूल गवताळ रानातले असल्याने फुलताना ऊन सोसते. लहानपणी मात्र त्याला गरम हवा चालत नाही. रोप ट्रेमध्ये असताना दिवसाची उष्णता २८ अंशांवर जात राहिली आणि रात्रीही गारवा मिळाला नाही, तर रोप उंच होणेच थांबवते. पाने जमिनीला चिकटून गोल पसरतात, छोट्या कोबीसारखी. रोप हिरवेगार आणि तब्येतीने उत्तम दिसते, पण देठ वर येत नाही आणि फूल महिनोन्‌महिने लागत नाही. लावणी करणाऱ्याला वाटते खत कमी पडले असेल. नुकसान मात्र दोन महिन्यांपूर्वी ट्रेमध्येच होऊन गेलेले असते.

आता आपली हवा पाहा. बदलापूरची थंडी मुंबईकरांना ठाऊक आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे इथला पारा मुंबईच्या बराच खाली उतरतो. पण ऑक्टोबरचे ऊन भाजून काढते आणि मार्चअखेरपासून बदलापूर राज्यातल्या तापलेल्या गावांच्या बातम्यांत येते. जून ते सप्टेंबर पाऊस. म्हणजे खुल्या हवेत या फुलाला मानवेल असा काळ साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, जेमतेम साडेतीन महिने. रोप तयार व्हायला अडीच-तीन महिने आणि लावणीपासून फूल यायला आणखी साडेतीन-चार महिने. सहा-सात महिन्यांचे पीक साडेतीन महिन्यांच्या थंडीत मावत नाही. नोव्हेंबरमध्ये अंगणात पेरले तर रोपे फेब्रुवारीत तयार होतील आणि कळ्या मे महिन्याच्या भट्टीत येतील. देठ आखूड, फूल लहान, भाव नाही.

मग मार्ग दोनच उरतात. एक, तयार रोपे थंड भागातल्या रोपवाटिकेतून आधी मागणी नोंदवून आणावीत आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावावीत. दुसरा, बियांपासूनच करायचे असेल तर रोपांचे बालपण घरात काढावे.

घरातली रोपवाटिका

दुसरा मार्ग वाटतो तेवढा अवघड नाही, कारण ट्रेला जागा फार लागत नाही. दोनशे खणांचा एक ट्रे स्वयंपाकघरातल्या मोठ्या परातीपेक्षा थोडाच लांब असतो. ज्या घरात एका खोलीला एसी आहे, तिथे एक कोपरा, एक फळी आणि ट्रेच्या वर वीतभर अंतरावर दोन एलईडी ट्यूब एवढ्यावर काम भागते. ट्यूब दिवसाचे बारा ते चौदा तास चालू ठेवाव्यात. एसी २४ वर ठेवावा. वाऱ्याचा झोत थेट ट्रेवर येऊ देऊ नये, त्याने खण सुकतात. विजेचा खर्च आधीच वहीत धरावा. एकट्या ट्रेसाठी एसी चालवणे परवडणार नाही. घरच्यांसाठी तो चालतच असेल तर त्यात ट्रेचे भागते.

वेळापत्रक असे बसते. ऑगस्टच्या मध्यावर पेरणी. ऑक्टोबरचे ऊन बाहेर असताना रोपे आत. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, चार खरी पाने आली आणि मुळे खणात गोल फिरायच्या आधी लावणी. या रोपाचे मूळ सरळ खाली जाणारे असते. ते खणात वळले किंवा काढताना तुटले तर झाड कायमचे खुरटते. म्हणून रोप पाने धरून ओढू नये, खालून ढकलून मातीच्या गोळ्यासकट काढावे, आणि ट्रेमध्ये होते तेवढ्याच खोलीवर लावावे. सगळे नीट गेले तर फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये फूल मिळेल, म्हणजे उन्हाळ्याने दार ठोठावायच्या आत.

दोन झाडांत साडेबारा सेंटिमीटर अंतर धरले तर एका चौरस मीटरमध्ये ६४ झाडे बसतात. दोनशे रोपांना तीन चौरस मीटर, म्हणजे शेजारी शेजारी टाकलेल्या दोन खाटांएवढी जागा पुरते. पहिल्या वर्षी याहून एक वीतही अधिक करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माती, पाणी आणि उल्हास नदी

पावसाने धुपलेली कोकणपट्टीची माती बहुधा आम्लधर्मी असते. लिसियांथसला सामू ६.५ ते ७ लागतो. आंबट मातीत त्याची पाने पिवळी पडतात आणि मुळे खुंटतात. म्हणून माती तपासून घ्यावी आणि सांगितले तेवढा चुना लावणीच्या काही आठवडे आधी मिसळावा. अंबरनाथ तालुक्याच्या कृषी कार्यालयात याची चौकशी करता येते. याच रेल्वेमार्गावर पुढे कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. ते भातासाठी प्रसिद्ध असले तरी आपल्या भागातली माती आणि हवा जाणणारे लोक तिथे आहेत.

पाण्याबाबत जपावे. अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनीत कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी मिसळते. तिच्या काठच्या उथळ विहिरीचे पाणी तपासल्याशिवाय या पिकाला देऊ नये. नळाचे पाणी रात्रभर पिंपात ठेवून वापरावे. झाडाला पाणी बुंध्याशी द्यावे, डोक्यावरून नको. कळ्या दिसू लागल्या की पाणी थोडे कमी करावे, कारण ओल्या पाकळीवर राखाडी बुरशी बसते. वाफ्यावर आडवी जाळी बांधली नाही तर फुलांच्या भाराने देठ वाकतात, आणि वाकड्या देठाला बाजारात गिऱ्हाईक नसते.

वाफ्याची जागा उंचावर असावी. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या घरांना आठवत असेलच. २७ जुलै २०१९ रोजी तर उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि शेकडो प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. हे पीक पावसाळ्यात जमिनीत नसते, पण पुराचा गाळ आणि त्यातले रोगजंतू वाफ्यात राहतात, आणि मूळकूज व मर रोग हे लिसियांथसचे जुने शत्रू आहेत. त्याच कारणाने त्याच जागी दर वर्षी हेच फूल लावू नये. ज्यांची जमीन नदीकाठी सखल आहे, त्यांनी पिशव्यांत किंवा क्रेटमध्ये लावावे.

तोडणी आणि विक्री

एका देठावर अनेक कळ्या असतात. पहिले एक-दोन फूल पूर्ण उमलले आणि बाकी कळ्यांना रंग आला की पहाटे देठ कापावा आणि लगेच स्वच्छ बादलीतल्या पाण्यात उभा करावा. खालची पाने काढावीत. पिकलेली केळी किंवा आंबे शेजारी ठेवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या वायूने फुले लवकर म्हातारी होतात. दहा-दहा देठांची जुडी कागदात गुंडाळावी.

बाजार दोन, कल्याणचा आणि दादरचा. पण दोनशे देठ घेऊन दादरच्या गर्दीत उभे राहण्यात अर्थ नाही. एवढ्या मालासाठी आपल्याच स्टेशनाबाहेरचे पुष्पगुच्छवाले आणि उल्हासनगर-अंबरनाथचे सजावटवाले बरे. बियाणे मागवण्याआधी त्यांतल्या तिघांना भेटावे. कोणता रंग लागतो, देठ किती लांब हवा, कोणत्या महिन्यात हवा, आज ते काय भावाने घेतात, हे लिहून आणावे. हाजी मलंगच्या पायथ्याशी चादरीसाठी गुलाब आणि मोगरा खपतो, सेहऱ्यालाही तोच लागतो. तिथे या बिनवासाच्या फुलाला मागणी नाही. ज्याला सुगंधी फूल भेट मिळाले त्याने ते नाकारू नये, कारण ते हलके असते आणि त्याचा वास चांगला असतो, अशी हदीस आहे. लिसियांथस त्या कुळातले नव्हे. त्याचा ग्राहक वेगळा आहे, हे ध्यानात ठेवूनच उतरावे.

कर्ज, सौदा आणि उश्र

पॉलिहाउसच्या उभारणीला शासनाच्या फलोत्पादन अभियानातून ५० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. उरलेला पैसा बहुतेक जण कर्जाने उभा करतात, आणि कर्जावर व्याज असते. व्याजाचा प्रश्न हा आधी दीनचा आहेच, पण तो हिशेबाचाही आहे. फुलाचा भाव रोज बदलतो, हप्ता बदलत नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागले, लग्ने थांबली, फुलबाजार बंद झाले. राज्यभर उभी फुले उपटून टाकावी लागली, पण कर्जाचा बोजा तसाच राहिला. ज्यांनी आपल्या ऐपतीत लावले होते त्यांचा एक हंगाम गेला, ज्यांनी कर्ज काढले होते त्यांची पुढची कित्येक वर्षे अडकली. म्हणून आम्ही सांगतो, या पिकासाठी व्याजाचा एक रुपयाही घेऊ नये. भांडवल कमी असेल तर दोन-तीन घरांनी मिळून भागीदारी करावी. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत, नफ्याचा वाटा आधी ठरलेला. शरिअतने दाखवलेली मुदारबतची वाट हीच आहे. अट एवढीच की मेहनत करणाऱ्याची चूक नसताना तोटा आला तर तो पैसेवाल्याचा, आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत गेली. हे आधीच कागदावर लिहावे.

सौद्यातही सावध राहावे. फळ पिकण्याच्या खुणा दिसण्याआधी झाडावरचे फळ विकण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे, कारण पुढे पीक गेले तर भावाच्या पैशांवर हक्क कशाचा? कळी न आलेला उभा वाफा उक्ता विकणे हे त्याच जातीचे आहे. सजावटवाल्याला आगाऊ पैसे देऊन माल बांधायचा असेल तर सलमचा मार्ग आहे. त्यात पूर्ण रक्कम कराराच्या वेळीच द्यावी लागते. रंग, देठाची लांबी, संख्या आणि तारीख पक्की ठरलेली असते, आणि माल अमुकच वाफ्यातला असे बांधलेले नसते. आपला वाफा गेला तर बाजारातून घेऊन द्यावा लागेल. ज्याची तेवढी ताकद नाही त्याने आगाऊ रक्कम घेऊ नये.

फुलांवर उश्र आहे का, हाही प्रश्न येतो. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते गवत, लाकूड, बोरू सोडून जमिनीतून पिकवलेल्या सगळ्या उत्पन्नावर तो आहे. पावसावर पिकले तर दहावा भाग, पाणी देऊन पिकवले तर विसावा. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) टिकाऊ उत्पन्नापुरताच तो मानतात. आपल्या कोकणी घरांत शाफई मसलक चालतो. त्यानुसार साठवता येणारे मुख्य अन्न, खजूर आणि द्राक्षे यांवर पिकाची जकात आहे, फुलांवर नाही. मात्र विकून आलेली रक्कम निसाबाएवढी असून वर्षभर हाती राहिली तर तिची अडीच टक्के जकात द्यावीच लागते. भारतातल्या जमिनी उश्री धराव्यात का यावर हनफी उलेमांत चर्चा आहे, आणि घराच्या आवारातल्या झाडांचा हुकूम वेगळा असू शकतो. म्हणून आपल्या मसलकच्या आलिमांना आपली जमीन आणि पीक सांगून विचारावे.

आमचा सल्ला

ज्यांनी कधी बी रुजवले नाही त्यांनी लिसियांथसने सुरुवात करू नये. पहिल्या हिवाळ्यात ॲस्टर लावावा. तोही बियांपासूनच येतो, त्याचा देठही कापून विकला जातो, तो लवकर तयार होतो आणि चुका पोटात घालतो. त्यात ट्रे भरणे, पाणी मोजणे, जुडी बांधणे, दुकानदाराशी बोलणे हे सगळे शिकून होते. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये लिसियांथसच्या दोनशे गोळ्या.

एक वही ठेवावी. त्यात बियाणे, कोकोपीट, वीज, जाळी, प्रवास हे सगळे आणि घरच्या माणसाच्या मेहनतीचे तासही लिहावेत. समजा दोनशेतली दीडशे रोपे लावणीपर्यंत पोहोचली आणि शंभर देठ विकण्याजोगे निघाले, तर सगळ्या खर्चाला शंभराने भागावे. जो आकडा येईल तो दुकानदाराने सांगितलेल्या भावाशेजारी लिहावा. दर देठामागे खरेच काही उरत असेल तर पुढच्या वर्षी वाफा दुप्पट करावा. उरत नसेल तर हे पीक आपल्या हवेचे नव्हे, एवढे ज्ञान दोन खाटांच्या जागेत आणि कर्जाशिवाय मिळाले असे समजावे. बियांचे पाकीट मात्र दर वर्षी नवे घ्यावे लागेल. या संकरित जाती आहेत, घरच्या फुलाचे बी धरले तर पुढची झाडे आईसारखी येत नाहीत.

मुसलमानाने लावलेल्या रोपातून माणसाने, जनावराने किंवा पाखराने जे खाल्ले ते त्याच्या नावे सदका लिहिले जाते, असे हदीसमध्ये आले आहे. हे फूल कोणी खाणार नाही, पण त्याच्या कमाईतून घरात भाकरी येईल, मुलीची फी भरली जाईल. तेही हलालच्या मार्गाने यावे एवढीच अट आहे. अंबरनाथ, बदलापूर, वांगणीच्या ज्या घरांत हा प्रयोग होईल, त्यांनी आपल्या वहीतले आकडे, नफ्याचे असोत वा तोट्याचे, आम्हाला जरूर कळवावेत. पुढच्या हंगामाआधी ते इन्शाअल्लाह इतर वाचकांच्या कामी येतील.